विश्वास ठेवण्याचा अधिकार

सियालदहहून बजबजची लोकल धरली म्हणजे साधारण तासाभराने गाडी अखेरच्या स्थानकात येऊन थांबते. पुढे रूळ नाहीत. पुढे हुगळी आहे. ह्या लहानशा गावाला नदीवाटे आलेल्या माणसांची मोठी आठवण आहे. परदेशातून परतलेले स्वामी विवेकानंद १८९७ सालच्या फेब्रुवारीत येथेच जहाजातून उतरले आणि गाडीने सियालदहला गेले. कॅनडाच्या दारातून परत पाठविलेली 'कोमागाटा मारू' २९ सप्टेंबर १९१४ रोजी येथेच लागली. तिच्यातील प्रवाशांवर झालेल्या गोळीबाराचे स्मारक १९५२ सालापासून येथे उभे आहे. उतरणाऱ्यांची स्मारके झाली ती योग्यच झाली. पण ज्यांनी ती जहाजे समुद्रावर जाण्याजोगी ठेवली, त्यांच्या फळ्या ठोकल्या, त्यांची यंत्रे पुसली, त्यांची आठवण कोणत्याच घाटावर नसते. ह्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांपैकी एकाशी गेल्या वर्षी आमचा संबंध आला आणि त्याच्या एका वाक्याने आमची झोप काही रात्री उडविली. त्या वाक्याविषयी आम्हांस लिहावयाचे आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण आमच्यासारखेच बदलीचे धनी आहेत. परमुलुखात राहणाऱ्या सरकारी माणसाला सुटीच्या दिवशी काय करावे हा एक प्रश्नच असतो. गाव दूर, नातलग दूर. गणपती आणि दिवाळी मंडळात होतात, बाकीचे रविवार अंगावर येतात. आमच्या चार कुटुंबांनी ह्यावर एक धाडसी तोड काढली. बजबजच्या घाटाजवळ एका वृद्ध बंगाली गृहस्थांची एक जुनी मोटारबोट पडून होती. लांबी तीसएक फूट, फळ्या सागवानी, पोटात जुने डिझेल इंजिन. प्रकृतीमुळे त्यांना आता नदीवर जाणे होत नव्हते. चौघांनी वर्गणी काढून ती विकत घेतली. बेत असा की पावसाळा सरला म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंत, काळवैशाखीची वादळे सुरू होण्यापूर्वी, सुटीच्या दिवशी ओहोटीबरोबर खाली अछिपूरपर्यंत, फार तर फलत्यापर्यंत जावे, कोठेतरी नांगर टाकून खिचडी शिजवावी आणि भरतीबरोबर परत यावे. घाई म्हणून कसलीच नाही. नदीच जेथे दिवसातून दोनदा आपली दिशा बदलते, तेथे माणसाने वेळापत्रक मांडून बसू नये.

आम्ही मंडळींत कारकून. साहजिकच कागदपत्रांचे आणि देखरेखीचे काम आमच्याकडे आले. १९१७ सालचा जुना कायदा जाऊन आता २०२१ सालचा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे; त्याखाली नोंदणी लागते, तपासणी लागते, जीवरक्षक जाकिटे लागतात. हे सारे कागद आम्ही एका फाईलीत तारीखवार लावले. तपासणीच्या दाखल्याची मुदत अजून शिल्लक होती. फाईल पाहून कोणत्याही वरिष्ठाने समाधानाने मान डोलविली असती.

कोजागरीच्या पौर्णिमेला, जिला बंगालात लक्ष्मीपूजेची रात्र म्हणतात, मोठ्या भरतीच्या पाण्यावर बोट काठाच्या चिखलात उंच आणून बसविली. ओहोटीने पाणी काढून घेतले आणि बोटीचे पोट उघडे पडले. मोठ्या भरत्या पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या आगेमागे येतात. म्हणजे इतक्या वर आणलेली बोट पुन्हा पाण्यात लोटावयास दिवाळीची अमावास्या गाठावयाची, नाहीतर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत थांबावयाचे. आमच्याजवळ पंधरा दिवस होते. भाऊबीजेला चारही कुटुंबांनी बोटीवर फराळ करावा असे ठरलेही होते.

घाटावरचे साठीचे मिस्त्री कामाला लागले. आम्ही सुटीच्या दिवशी जाऊन बसत असू. तळाचे शेवाळ आणि जुना रंग खरवडला गेला. फळ्यांच्या सांध्यांतला कुजका कापूस उपसून नवा ठोकला, वर लांबी भरली. पंख्याचा दांडा जेथे बोटीतून बाहेर पडतो तेथून पाणी शिरू नये म्हणून चरबी चोळलेली सुती दोरी नव्याने गुंडाळली. डिझेलची टाकी रिकामी केली तेव्हा तळाशी पाणी आणि काळा गाळ निघाला. इंजिन थंड ठेवण्यासाठी नदीचे पाणी ज्या नळीने आत येते, ती हुगळीच्या मातीने अर्धी बुजली होती. मिस्त्री प्रत्येक गोष्ट आमच्या हातात देऊन दाखवीत. त्यांच्याकडून आम्ही एक नवे शिकलो. आमचा समज असा की बोट नदीच्या पाण्याने कुजते. मिस्त्री म्हणाले, सदा पाण्याखाली असलेले लाकूड सहसा कुजत नाही. कुजते ते वरून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने, जेथे ओल असते, हवाही असते आणि कोणाची नजर मात्र पोचत नाही अशा ठिकाणी. लोखंडी खिळाही बाहेरून शाबूत दिसतो आणि आत गंजून भोवतालचे लाकूड खातो.

दहाव्या दिवशी त्यांनी लाकडी हातोडीने तळ ठोकून पाहावयास आरंभ केला. नाळेकडून मागे येताना खणखणीत आवाज येत होता. इंजिनाखालच्या भागी आला तेव्हा तो बद्द झाला. त्यांनी टोचा घेऊन एका फळीत खुपसला. तो फार आत गेला नाही, पण जावा त्यापेक्षा अंमळ अधिक गेला. आत पाहावे तर त्या जागी कोणीतरी फार पूर्वी सिमेंट ओतून गळती बंद केली होती. सिमेंटाखाली काय आहे हे दिसण्यास मार्ग नव्हता. मिस्त्रींनी टोचा पुसला आणि एवढेच म्हटले, "बाबू, खुले देखते होबे." उघडून पाहिले पाहिजे.

उघडणे म्हणजे साखळीच्या कप्पीने इंजिन उचलून बाजूला ठेवावयाचे, सिमेंट छिनीने फोडावयाचे आणि मग पाहावयाचे. आठ-दहा दिवसांचे काम आणि वर्गणीत जवळजवळ आणखी निम्म्याची भर. अमावास्येची भरती हुकणार, भाऊबीज जाणार.

संध्याकाळी चौघांची बैठक झाली. ती मंडळी सुशिक्षित, समंजस, कुटुंबवत्सल होती हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण तेथे जे बोलले गेले ते कोणा लोभी किंवा बेफिकीर माणसांचे बोलणे नव्हते. एकाने म्हटले, बोट इतकी वर्षे चालली ती ह्याच सिमेंटावर चालली ना? दुसऱ्याने म्हटले, मिस्त्रीला काम वाढविण्यात गोडी असतेच. तिसऱ्याने म्हटले, दाखला आहे, जाकिटे आहेत, आणि आपण काही समुद्रात जात नाही. आम्ही काय म्हटले? आम्ही म्हटले की मिस्त्रींनी 'कुजले आहे' असे म्हटलेले नाही, 'पाहिले पाहिजे' एवढेच म्हटले आहे. कारकुनी करून करून ह्या प्रकारचा भेद करण्यात आमचा हात चांगला बसला आहे. आणि खरे सांगावयाचे तर आमच्या ह्या वाक्याने बैठकीचा निकाल लागला. इतकेच नव्हे, तर त्याच रात्री आम्ही चारही घरी कळविले की बोटीची दुरुस्ती समाधानकारक रीतीने पूर्ण होत असून भाऊबीजेचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. हे लिहिताना आम्ही खोटे लिहीत आहो असे आम्हांस वाटले नाही. वाचकांनी येथे थोडे थांबावे, कारण ह्या लेखाचा प्रश्न हाच आहे. आम्हांस ते खरेच वाटत होते.

प्रामाणिकपणे वाटणे एवढे पुरेसे आहे काय? विल्यम किंग्डन क्लिफर्ड ह्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्याचा आरंभ एका जहाजमालकाच्या गोष्टीने होतो. परदेशी वस्ती करावयास निघालेल्या कुटुंबांना घेऊन जाणारे एक जुने जहाज आहे. ते पुष्कळदा दुरुस्त झालेले आहे, आणि ते प्रवासाच्या लायकीचे नसावे अशी शंका मालकाला सुचविली गेली आहे. शंकेने तो अस्वस्थ होतो. मग तो स्वतःची समजूत घालतो की जहाजाने इतकी वादळे पाहिली, आणखी एक पाहील. परमेश्वर इतक्या निरपराध कुटुंबांना कसा टाकील? कारागिरांविषयी संशय धरणे हे क्षुद्रपणाचे, असेही तो ठरवितो. हळूहळू त्याचा विश्वास खरोखर बसतो. तो हलक्या मनाने जहाजाला निरोप देतो, आणि ते बुडाल्यावर विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचे म्हणणे असे की ह्या माणसाचा विश्वास पूर्णपणे प्रामाणिक होता आणि तरीही तो त्या माणसांच्या मृत्यूचा अपराधी आहे. कारण पुढे असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. त्याने तो विश्वास तपासून मिळविला नव्हता, शंका दाबून मिळविला होता. ह्यापुढे क्लिफर्ड एक पाऊल टाकतो. समजा, ते जहाज बुडाले नाही, सुखरूप पोचले. मग मालक निर्दोष ठरतो काय? नाही. त्याचा अपराध उघडकीस आला नाही एवढेच. हे लिहिणारा केवळ पोथीपंडित नव्हता. १८७० सालच्या सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी निघालेला असता सिसिलीच्या किनाऱ्यावर त्याचे स्वतःचे जहाज फुटले होते.

हा निबंध आम्ही महाविद्यालयात वाचला होता आणि परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. त्या बैठकीत तो आम्हांस आठवला नाही. ग्रंथ वेळेवर आठवत नाहीत. वेळेवर माणसे आठवण देतात.

आमच्या स्नेह्यांपैकी एकाची आई त्या दिवाळीसाठी रेवदंड्याहून आली होती. वय ऐंशीच्या घरात. आम्ही सारे तिला मावशी म्हणतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. मावशीचे एक काका त्या बोटीत होते. तिच्या लहानपणी घरात ते नाव कोणी काढीत नसे. ती आमच्या बोटीवर येणार की नाही ह्याची घरात चर्चा चालली होती. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आम्ही तेथे चहाला गेलो असता ती म्हणाली, "तू बघितलंस ना रे बोट? मग झालं. मी येते."

ह्या बोलण्यात आरोप नव्हता, परीक्षा नव्हती. होता तो केवळ विश्वास. आम्ही 'हो' म्हणावयास तोंड उघडले आणि ते आम्हांस म्हणता येईना. कारण आम्ही पाहिले नव्हते. पाहण्याजोगे जे होते ते सिमेंटाखाली होते, आणि ते पाहिले पाहिजे असे ज्याला त्यातले कळते त्याने सांगितले होते. मावशीला टोचा धरता येत नव्हता, फळीचा आवाज ओळखता येत नव्हता. तिने तिचा सारा संशय आमच्या स्वाधीन करून टाकला होता, आणि आम्ही तो एका वाक्यरचनेच्या जोरावर फाईलबंद केला होता. त्या रात्री झोप आली नाही. सकाळी आम्ही मिस्त्रींना दूरध्वनी करून उघडावयास सांगितले आणि मग मंडळींना कळविले.

येथे काही आक्षेप येतात व ते योग्य आहेत. पहिला आक्षेप असा की अशा रीतीने प्रत्येक गोष्ट उघडून पाहावयाची म्हटले तर जगात कोणतेच काम होणार नाही. कचेरीत एक टिपण चार टेबले ओलांडून वर जाते, आणि प्रत्येकजण खालच्याच्या सहीवर विसंबून आपली सही करतो. तो न विसंबेल तर राज्य एका दिवसात थांबेल. हे आम्ही पोटार्थी माणसे कशी नाकारू? पण विसंबणे आणि दडपणे ह्यांत भेद आहे. मिस्त्रींनी सांध्यांत कापूस नीट ठोकला असेल हे आम्ही धरून चाललो, ते विसंबणे झाले. आणि त्यात आमची चूक नव्हती, कारण त्या कामाविषयी जाणत्याच्या मनात शंका नव्हती. इंजिनाखालच्या फळीविषयी त्याच माणसाने शंका घेतली तेव्हा मात्र आम्ही त्याच्यावर विसंबलो नाही. तेव्हा आम्हांस तो काम वाढविणारा वाटला! आपल्या सोयीपुरता ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा, त्याच्यावर आपण विश्वास ठेवीत नसतो. त्याच्या तोंडून आपलेच मत ऐकत असतो.

दुसरा आक्षेप अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स ह्याने १८९६ साली क्लिफर्डलाच उद्देशून घेतला. पुराव्यासाठी थांबत राहिले तर जी सत्ये विश्वासानेच जन्माला येतात, ती कधीच जन्मणार नाहीत. मैत्री ही त्यांतलीच. समोरचा आपला स्नेही होईल असा आधी विश्वास धरावा, मग तो होतो. ह्यात मोठे तथ्य आहे. आमच्यासारख्या बदलीवर हिंडणाऱ्या माणसांनी अशा आगाऊ विश्वासावरच प्रत्येक नव्या गावी आपले घरटे बांधलेले असते. पण आमच्या विश्वासाने माणूस कदाचित् सुधारेल; फळी सुधारत नाही. जेथे विश्वासाने वस्तुस्थिती बदलते तेथे तो उदारतेने ठेवावा. जेथे बदलत नाही, आणि चुकल्यास दंड दुसऱ्याने भरावयाचा आहे, तेथे तो ठेवण्यापूर्वी हात काळे केले पाहिजेत.

तिसरा आक्षेप आमच्या पेशाचा आहे. दाखला होता ना? मग आमची जबाबदारी कोणती? ह्याचे उत्तर देताना आम्हांस सॅम्युअल प्लिमसॉल ह्या इंग्रज लोकप्रतिनिधीची आठवण होते. कुजकी आणि अतिभारित जहाजे समुद्रावर पाठविणाऱ्या मालकांविरुद्ध तो पार्लमेंटात झगडला, आणि १८७६ सालच्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. पण ती रेषा कोठे काढावयाची हे त्या कायद्याने मालकाच्याच मर्जीवर सोडले होते. तिची जागा कायद्याने ठरावयास १८९० साल उजाडावे लागले. म्हणजे मधली चौदा वर्षे एखादा मालक कायदा तंतोतंत पाळून माणसे बुडवू शकत होता. दाखला आवश्यक आहे; तो नको असे कोणता सरकारी नोकर म्हणेल? पण दाखला हा तपासणीच्या दिवशी जे दिसले त्याचा पुरावा असतो. त्यानंतर जी शंका आपल्या कानी आली तिचे उत्तर त्याच्या पाठीवर लिहिलेले नसते.

आता बोटीचे काय झाले ते सांगितले पाहिजे. इंजिन उचलले, सिमेंट फोडले. एक फळी वीतभर लांबीत मऊ झाली होती; नखाने उकरता येत होती. तिला लागून असलेली आडवी फासळी, जिच्याविषयी खरी भीती होती, ती मात्र चांगली निघाली. मिस्त्रींनी फळीचा तेवढा तुकडा कापून नवा सागवानी तुकडा बसविला. आम्ही त्यांना विचारले की न उघडता बोट नेली असती तर? त्यांनी खांदे उडविले आणि म्हटले की हे वर्ष कदाचित् निघाले असते.

हे उत्तर मंडळींत पसरावयास वेळ लागला नाही. निघाले असते! मग भाऊबीज का घालविली? निम्मी वर्गणी पुन्हा का भरली? एक स्नेही पुढे कित्येक दिवस आमच्याशी तुटकपणे बोलत होते. त्यांना आम्ही क्लिफर्ड सांगितला नाही. दुखावलेल्या माणसाला तत्त्वज्ञान सांगणे हा एक प्रकारचा उद्धटपणा आहे. पण आमचे आम्हांस कळले होते की ह्या प्रश्नाचा निकाल फळीने द्यावयाचाच नव्हता. फळी साफ कुजकी निघाली असती तर आम्ही शहाणे ठरलो असतो, पूर्ण शाबूत निघाली असती तर मूर्ख. आणि दोन्ही वेळा आम्ही तेच केलेले असते. आमचा अपराध किंवा आमचे कर्तव्य सिमेंट फुटण्यापूर्वीच ठरून गेले होते. अपराध म्हणावयाचा तर तो घडूनही गेला होता, कारण चार घरी आम्ही जे कळविले त्याचा एक शब्दही आम्ही पाहिलेला नव्हता. नंतर उघडले म्हणून ते लिहिणे पुसले जात नाही. मावशी काही बोलली नसती तर आम्ही उघडले असते काय, ह्याचे उत्तर आमच्या बाजूने देण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

निवांत हा शब्द आम्ही फार सैल वापरतो. निवात म्हणजे वारा नसलेली जागा. निवांताचे नाते त्या शब्दाशी सांगतात. आम्ही बोट घेतली ती निवांतपणासाठी. पण नदीवर वारा असावयाचाच, भरती असावयाचीच. मोठी जहाजे जवळून गेली म्हणजे त्यांच्या लाटाही असावयाच्या. जागा निवात मिळत नाही. मन तेवढे निवात करता येते, आणि तेही शंका झाकून होत नाही. झाकलेल्या शंकेखाली ओल साठते. सुटीचा खरा आरंभ घाट सोडल्यावर होत नाही. जे पाहावयास हवे होते ते पाहिले, असे स्वतःशी म्हणता आले म्हणजे तो होतो.

त्रिपुरी पौर्णिमेच्या भरतीवर बोट पाण्यात लोटली. लोटताच ती चारी बाजूंनी गळू लागली. आमचा चेहरा पाहून मिस्त्री हसले. इतके दिवस उन्हात राहिलेल्या फळ्या आक्रसलेल्या असतात. पाणी पिऊन त्या फुगतात आणि सांधे आपोआप मिटतात, असे त्यांनी समजावले. एक रात्र ते आणि आम्ही आळीपाळीने पाणी उपसत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट जवळजवळ कोरडे झाले. इंजिनाखालच्या नव्या तुकड्याशी आम्ही विजेरी धरून तीनदा पाहिले. तेथे पाणी नव्हते.

पहिली फेरी त्यापुढच्या रविवारी अछिपूरपर्यंत झाली. तुटकपणे बोलणारे स्नेहीही आले आणि खिचडी त्यांनीच केली. मावशी मात्र त्यात नव्हती. तिचे परतीचे तिकीट भाऊबीजेनंतरचे होते आणि आम्ही तयार होईपर्यंत ती रेवदंड्याला पोचली होती. निघण्यापूर्वी आम्ही तिला झालेला प्रकार सांगितला आणि 'बघितलंस ना' ह्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते हेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता बघितलंस ना? मग पुढल्या दिवाळीला येईन."

पुढल्या दिवाळीपूर्वी बोट पुन्हा कोजागरीला वर काढावयाची आहे. फाईलीत आम्ही त्याची नोंद केली आहे. नोंदीखाली सही आमचीच आहे.